हॉवर्ड जॉनसन्स

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील उपाहारगृहे व प्रवासी निवास यांची एक प्रसिद्ध साखळी. आइसक्रीमची दुकाने, उपाहारगृहे, महामार्गांवरील भोजनगृहे, मोटेल व गोठविलेले खाद्यपदार्थ अशा भिन्न स्वरूपांत एकच व्यापारनाम कसे विस्तारते आणि त्या विस्ताराला मर्यादा कोठे पडतात, हे या साखळीच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

हॉवर्ड डीअरिंग जॉनसन (१८९७–१९७२) याने १९२५ मध्ये मॅसॅचूसेट्स राज्यातील क्विन्सी शहराच्या वुलस्टन भागात औषधे व सोडावॉटर यांचे एक कर्जबाजारी दुकान चालविण्यास घेतले. नेहमीपेक्षा अधिक स्निग्धांश असलेले त्याचे आइसक्रीम लवकरच लोकप्रिय झाले व पुढे ‘२८ स्वाद’ ही त्याची ओळखच ठरली. समुद्रकिनाऱ्यांवरील उन्हाळी विक्रीकेंद्रे ही विस्ताराची पहिली पायरी होय. १९२९ मध्ये त्याने क्विन्सीत उपाहारगृह काढले. त्याच वर्षी यूजीन ओनीलच्या स्ट्रेंज इंटरल्यूड या नाटकास बॉस्टनच्या महापौराने मनाई केल्याने त्याचे प्रयोग क्विन्सीत झाले. या नऊ अंकी नाटकात भोजनासाठी मध्यंतर असे. त्या वेळी प्रेक्षक जवळच्या या उपाहारगृहात येत. त्यामुळे त्याचे नाव बाहेरगावी पोहोचले.

महामंदीच्या काळात नवी उपाहारगृहे काढण्यास जॉनसनजवळ भांडवल नव्हते. यातून १९३५ मध्ये केप कॉडवरील ऑर्लीन्झ येथे फ्रँचाइज पद्धतीचा अवलंब करण्यात आला. इमारतीचा खर्च स्थानिक मालकाने करावयाचा, नाव व आराखडा जॉनसनने पुरवावयाचा आणि खाद्यपदार्थ त्याच्याकडूनच घ्यावयाचे, असे या व्यवस्थेचे सर्वसाधारण स्वरूप होते. नारिंगी छप्पर दुरूनच ओळखू येई, तर मध्यवर्ती पाकशाळांतून येणाऱ्या पदार्थांमुळे चव सर्वत्र सारखी राही. अनोळखी प्रदेशातून मोटारीने जाणाऱ्या कुटुंबाला या सारखेपणाचा मोठा भरवसा वाटे. १९४० मध्ये खुल्या झालेल्या पेनसिल्व्हेनिया टर्नपाइकवर भोजनगृहे चालविण्याचे काम मिळाल्याने हे नाव महामार्गाशी कायमचे जोडले गेले. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर नियंत्रण आल्यामुळे मात्र बहुतेक उपाहारगृहे बंद पडली.

युद्धोत्तर काळात वाढ पुन्हा वेगाने झाली. जेवावयास थांबणारा प्रवासी मुक्कामालाही थांबेल, या हिशेबाने १९५४ मध्ये जॉर्जिया राज्यातील सव्हॅना येथे पहिले मोटेल सुरू झाले. तळलेल्या शिंपल्यांसारखे पदार्थ गोठवून किराणा दुकानांतून विकले जाऊ लागले. पदार्थांचा दर्जा सुधारण्यासाठी १९६० च्या सुमारास प्येअर फ्रॅने व झाक पेपँ या फ्रेंच पाककुशलांना नेमण्यात आले. १९६१ मध्ये कंपनीचे भाग जनतेला विक्रीस खुले झाले, तेव्हा उपाहारगृहांची संख्या सु. ६०० होती.

नाव एक असले, की एका शाखेतील वर्तनाचा दोषही सर्व साखळीवर येतो. ऑक्टोबर १९५७ मध्ये डेलावेअर राज्यातील डोव्हर येथील उपाहारगृहात घानाचे अर्थमंत्री कोमला अग्बेली ग्बेडेमा यांना कृष्णवर्णी म्हणून आत बसू दिले गेले नाही. प्रकरण आंतरराष्ट्रीय झाले आणि राष्ट्राध्यक्ष आयझनहौअर यांनी त्यांना व्हाइट हाउसमध्ये न्याहारीस निमंत्रित केले. जी एकरूपता चवीबाबत कटाक्षाने पाळली जाई, ती ग्राहकाच्या सन्मानाबाबत नव्हती, हे यातून उघड झाले. १९६२ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात या साखळीच्या उपाहारगृहांसमोर नागरी हक्कांसाठी निदर्शने झाली. १९६४ च्या नागरी हक्क अधिनियमाने असा भेदभाव बेकायदेशीर ठरविला.

१९५९ मध्ये कारभार संस्थापकाचा मुलगा हॉवर्ड ब्रेनन जॉनसन याच्याकडे गेला. त्याच्या काळात संख्यात्मक वाढ झाली, तथापि खर्च आटोक्यात ठेवण्यावर भर राहिल्याने इमारती व सेवा यांची आबाळ झाली. १९७३ च्या तेलसंकटाने मोटार-प्रवास मंदावला. याच सुमारास मॅक्‌डॉनल्ड्‌झसारख्या झटपट खाद्यगृहांनी कमी किंमतीत तोच भरवसा देऊ केला. १९८० मध्ये ब्रिटनच्या इंपीरिअल समूहाने ही कंपनी घेतली व १९८५ मध्ये विकली. उपाहारगृहे व मोटेल यांची मालकी त्यानंतर वेगवेगळी झाली. न्यूयॉर्क राज्यातील लेक जॉर्ज येथील शेवटचे उपाहारगृह २०२२ मध्ये बंद पडले. हॉटेलांवर मात्र हे नाव अद्याप टिकून असून ते विंडम कंपनीच्या मालकीचे आहे. ज्या स्वयंपाकाने हे नाव मिळविले, तो मागे राहिला नाही. त्याची जोड म्हणून उभारलेली निवासव्यवस्थाच त्या नावाची वारस ठरली.