कोनशिला आणि छपऱ्या

२२ जून १८९७ हा दिवस महाराष्ट्राच्या स्मरणात एका विशिष्ट कारणाने राहिला आहे. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षे पूर्ण झाल्याबद्दल त्या दिवशी देशभर समारंभ होत होते. पुण्याच्या गणेशखिंडीतील सरकारी वाड्यातही मोठा समारंभ झाला. तो आटोपून परतणाऱ्या रँड व आयर्स्ट या दोन गोऱ्या अधिकाऱ्यांवर रात्री चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. रँड हा पुण्याच्या प्लेग बंदोबस्ताचा प्रमुख होता, आणि त्या बंदोबस्तात सोजिरांनी घराघरांत शिरून जो धुमाकूळ घातला होता त्याचा संताप या गोळ्यांच्या मागे होता.

त्याच दिवशी, पुण्यापासून रस्त्याने सुमारे ८४० किलोमीटर दूर असलेल्या बंगळूर शहरात आणखी एक समारंभ झाला. म्हैसूर संस्थानच्या राजप्रतिनिधी महाराणी केंपनंजम्मणी यांच्या हस्ते एका मोठ्या इस्पितळाची कोनशिला बसविण्यात आली. त्याला राणीचेच नाव द्यावयाचे ठरले होते. पुण्यात प्लेगच्या निमित्ताने राज्यकर्ते आणि प्रजा यांच्यामधला विश्वास पार तुटला होता. बंगळुरात अद्याप प्लेग आलेला नव्हता. तो येईल तेव्हा हे नवे इस्पितळ उभे नसेल, याची त्या दिवशी जमलेल्या मंडळींना कल्पना असण्याचे कारण नव्हते.

त्या काळचे बंगळूर म्हणजे वस्तुतः शेजारी शेजारी वसलेली दोन शहरे होती. एक जुनी पेठ. सतराव्या शतकात ही जहागीर शहाजीराजांकडे आली, आणि तेव्हापासून या भागाचा मराठी माणसाशी संबंध जडला. विणकर, व्यापारी, सराफ यांची दाट वस्ती, अरुंद गल्ल्या आणि जवळच किल्ला, असे या पेठेचे रूप होते. दुसरे शहर म्हणजे १८०९ पासून वाढत गेलेली लष्करी छावणी. १८८१ साली इंग्रजांनी म्हैसूरचे राज्य वडियार घराण्याला परत दिले, परंतु छावणीचा कारभार आपल्याकडेच ठेवला. त्यामुळे बाउरिंग या माजी कमिशनरचे नाव धारण करणारे इस्पितळ छावणीच्या बाजूला राहिले. १८८६ साली ख्रिस्ती जोगिणींनी चालू केलेले सेंट मार्था इस्पितळही रुग्णांची सेवा करीत होते. तथापि संस्थानच्या राजसत्तेने पेठेतील आणि भोवतालच्या खेड्यांतील प्रजेसाठी उभारलेले, सर्व सोयींनी युक्त असे मोठे इस्पितळ असावे, ही गरज शिल्लक होती. महाराज चामराजेंद्र १८९४ च्या डिसेंबरात कलकत्त्यास वारले होते. युवराज लहान होते. राज्याची धुरा महाराणी आणि दिवाण शेषाद्री अय्यर यांच्या खांद्यावर होती. हेसरघट्टाच्या तलावातून शहराला नळाचे पाणी आणण्याचे काम याच दिवाणांच्या कारकिर्दीत झाले. इस्पितळाची योजना ही त्याच मालिकेतील पुढची पायरी होती.

कोनशिला बसल्यानंतर अवघ्या चौदा महिन्यांनी, १८९८ च्या ऑगस्टमध्ये, प्लेग बंगळुरात शिरला. मुंबईला तो १८९६ साली समुद्रमार्गे आला होता. तेथून पुणे, सातारा, बेळगाव, धारवाड, हुबळी असा तो आगगाडीच्या रुळांवरून दक्षिणेकडे सरकत गेला. ज्या रुळांनी पेठेचा व्यापार वाढविला त्याच रुळांनी हा ग्रंथिक सन्निपात आणला. रोगाचा प्रसार उंदरांवरील पिसवांमुळे होतो हे फ्रेंच शास्त्रज्ञ सिमाँ याने त्याच वर्षी प्रतिपादन केले होते, परंतु ते सर्वमान्य होण्यास अजून कित्येक वर्षे लागावयाची होती. तोपर्यंत डॉक्टरांच्या हाती साधने थोडीच होती: रोग्याला निराळे ठेवणे, घर रिकामे करून धुणे आणि हाफकीन यांनी १८९७ च्या जानेवारीत मुंबईस प्रथम स्वतःच्या अंगावर आजमावलेली लस टोचणे.

या प्रसंगी कारभाऱ्यांपुढे जो प्रश्न उभा राहिला तो कोणत्याही काळातील कारभाऱ्याला ओळखीचा वाटेल. नवी वास्तू अर्धवट आहे. तिच्यासाठी पैसा, दगड आणि माणसे गुंतलेली आहेत. रोगी मात्र आज दारात आहे. वास्तू पूर्ण होईपर्यंत थांबा, असे त्याला सांगता येत नाही. उलट सगळे बळ तात्पुरत्या सोयीवर खर्च करावे तर कायमची सोय आणखी लांबते. बंगळुरात दोन्ही कामे बरोबरीने चालली. शहराबाहेर मोकळ्या जागी छावण्या आणि छपऱ्या उभ्या राहिल्या. काही रोग्यांसाठी होत्या, काही रोग्यांच्या सहवासात आलेल्या कुटुंबांसाठी. छावण्या, ठाणी आणि कचेऱ्या यांच्यामध्ये निरोप त्वरेने जावेत म्हणून शहरात टेलिफोनच्या तारा ओढण्यात आल्या. बंगळुरास टेलिफोनची ओळख झाली ती अशी, व्यापारासाठी किंवा चैनीसाठी नव्हे, तर साथीच्या बंदोबस्तासाठी.

छपरी म्हटली की आपल्या मनात कमीपणाची भावना येते. परंतु प्लेगच्या बाबतीत छपरी ही दगडी इमारतीपेक्षा अनेक दृष्टींनी सरस होती. तिच्यात हवा आणि ऊन खेळत असे. उंदरांना बिळे करण्यास तिच्यात जाड भिंती नसत. गरज संपली की ती मोडता किंवा जाळून टाकता येत असे आणि चार दिवसांत दुसरीकडे उभी करता येत असे. महाराष्ट्रातील खेडुतांनीही हेच तत्त्व अनुभवाने जाणले होते. गावात उंदीर पडू लागले की लोक घरांना कुलपे लावून शिवारात खोपटी घालून राहात. सरकारी हुकमाची वाट ते पाहात नसत.

या छावण्यांवर काम करणाऱ्यांमध्ये डॉक्टर पल्पू यांचे नाव विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे. हे केरळातील ईळवा जातीचे गृहस्थ. मद्रासेस वैद्यकीचे शिक्षण पुरे केल्यावरही केवळ जातीमुळे त्रावणकोर संस्थानाने त्यांना नोकरी नाकारली, म्हणून ते म्हैसूरच्या सेवेत आले. प्लेगच्या साथीत बंगळुरातील छावणीची जबाबदारी त्यांनी जिवावर उदार होऊन सांभाळली. ज्याचा स्पर्श स्वतःच्या राज्यात अपवित्र मानला गेला, त्याच्याच हाती परमुलखातील मरणोन्मुख माणसांची नाडी आली. पुढे आपल्या समाजाच्या हक्कांसाठी झगडणारे नेते म्हणून केरळने त्यांना मान दिला.

छपऱ्या उभारणे हे काम त्या मानाने सोपे होते. लोकांना त्यांत आणणे हे अवघड होते. इस्पितळ म्हणजे मरणाचे घर, ही समजूत त्या काळी सर्वत्र होती. १८९६ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या ऑर्थर रोड इस्पितळावर गिरणीकामगारांचा मोठा जमाव चालून गेला होता. रोग्याला ओढून नेतात, जात बाटवितात, त्याचे पुन्हा दर्शन होत नाही, अशा वावड्या गल्लोगल्ली उठत. म्हैसूर संस्थानही याला अपवाद नव्हते. श्रीरंगपट्टणाजवळील गंजाम येथे प्लेगच्या बंदोबस्ताविरुद्ध दंगा उसळला. या भीतीला केवळ अडाणीपणा म्हणून बाजूस सारणे योग्य होणार नाही. आईला मुलापासून तोडून नेणारा शिपाई आणि तिला औषध देणारा वैद्य हे दोघे एकाच सरकारचे नोकर होते. त्यांच्यातला फरक लोकांनी कसा ओळखावा?

हा फरक कसा दाखवून द्यावा याचे उदाहरण पुण्याजवळच घडले होते. हडपसरनजीक ससाणे यांच्या माळावर सावित्रीबाई फुले यांनी आपले डॉक्टर पुत्र यशवंत यांच्या साहाय्याने प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना चालविला. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी स्वतः पाठीवर घेऊन तेथे आणले, आणि त्यातच रोगाची लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. तोही दवाखाना माळावरचाच होता. परंतु तेथे रोग्याला कोणी ओढून आणीत नव्हते, उचलून आणीत होते. त्याच वर्षी पुण्यात टिळकांनी हिंदूंसाठी निराळे प्लेग इस्पितळ चालू करण्यात पुढाकार घेतला. मुंबईत निरनिराळ्या समाजांनी आपापली इस्पितळे काढली. आपली माणसे, आपले पाणी, आपली शुश्रूषा मिळते असे दिसताच लोक आपण होऊन येऊ लागले. १८९८ साली नेमलेल्या प्लेग कमिशनपुढेही हाच अनुभव येत गेला, आणि सक्तीचा जोर पुढे हळूहळू कमी करण्यात आला.

अशा वातावरणात ८ डिसेंबर १९०० रोजी व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांच्या हस्ते व्हिक्टोरिया इस्पितळाचे उद्घाटन झाले. किल्ल्याच्या परिसरात, पेठेच्या तोंडाशी, दगडी बांधणीची ही भव्य इमारत उभी राहिली. प्लेग तेव्हा शहरातून पुरता गेला नव्हता. १८९१ च्या शिरगणतीत पेठ व छावणी मिळून लोकसंख्या १,८०,३६६ होती. १९०१ साली ती १,५९,०४६ भरली. एकवीस हजारांची ही तूट केवळ मृत्यूंची नव्हे, शहर सोडून गेलेल्यांचीही आहे. तरीही नव्या इस्पितळाचे दार उघडले तेव्हा शहर कोणत्या अवस्थेत होते, याची साक्ष हे आकडे देतात. दाट पेठेतील लोकांना मोकळी हवा मिळावी म्हणून बसवनगुडी आणि मल्लेश्वरम् या नव्या वसाहतींची आखणी याच काळात झाली. शहरात प्लेगम्मा नावाच्या देवीची स्थाने झाली, तीही याच काळाची खूण. लोकांनी देवीला नवस केले आणि इस्पितळाची पायरीही चढू लागले. या दोहोंत त्यांना विरोध वाटला नाही.

या साडेतीन वर्षांनी शहराला जी शिकवण दिली ती पुढेही उपयोगी पडली असे दिसते. नेत्ररोग्यांसाठी १८९६ साली लहानशा दवाखान्याच्या रूपाने सुरू झालेले काम वाढत राहिले, आणि १९१३ साली ते मिंटो यांच्या नावाच्या स्वतंत्र इमारतीत गेले. वेड्यांच्या जुन्या इस्पितळाचे उदाहरण याहून बोलके आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ते जुन्या शहरात चालू होते. १९२५ साली त्याचे नाव बदलून मानसिक रुग्णालय असे करण्यात आले. होसूर रस्त्यावरील विस्तीर्ण आवारात त्याचे स्थलांतर झाले ते त्यानंतर, १९३० नंतरच्या दशकात. म्हणजे नवी भिंत उभी राहण्याआधी रोग्याकडे पाहण्याची दृष्टी बदलली. १९५४ साली तेथे मानसिक आरोग्याची अखिल भारतीय संस्था जोडली गेली, आणि १९७४ साली या दोहोंच्या एकीकरणातून आजची निम्हान्स ही राष्ट्रीय संस्था निर्माण झाली.

ज्या महाराणींनी १८९७ साली कोनशिला बसविली त्या १९३४ साली निवर्तल्या. दुसऱ्याच वर्षी व्हिक्टोरियाच्या शेजारी स्त्रिया व मुले यांच्यासाठी निराळे इस्पितळ उघडले, आणि त्याला त्यांच्या ‘वाणीविलास’ या बिरुदाचे नाव मिळाले. १९५५ साली बंगळूर मेडिकल कॉलेज निघाले आणि ही दोन्ही इस्पितळे त्याच्या विद्यार्थ्यांची शाळा झाली.

इमारतींचा इतिहास लिहिणे सोपे असते, कारण त्यांच्यावर तारखा कोरलेल्या असतात. कोनशिला आणि उद्घाटन या दोन तारखांच्या मध्ये जो काळ जातो त्याची शिला कोणी बसवीत नाही. तरी रोगी याच मधल्या काळातही येत असतो. आजही एखाद्या तालुक्याच्या गावी जुने ग्रामीण रुग्णालय पाडून नवे बांधावयाचे ठरते, तेव्हा आराखडा, निविदा आणि उद्घाटन यांची चर्चा होते. बाळंतिणीला त्या दोन वर्षांत कोठे न्यावयाचे, सर्पदंशाचे औषध रात्री कोणत्या खोलीत मिळेल, जुना कंपाउंडर नव्या जागी कोणत्या दिवशी बसेल, हे प्रश्न मात्र मागे पडतात. जो बाप आजारी मुलाला घेऊन रात्री दहा मैल बैलगाडीने येतो आणि दाराला कुलूप पाहून परत जातो, तो पुढे नवी इमारत झाली तरी सहसा येत नाही.

२०२० साली जेव्हा नव्या साथीने जग व्यापले, तेव्हा बंगळूरचे व्हिक्टोरिया इस्पितळ कोविडच्या रोग्यांसाठी राखून ठेवण्यात आले. एकशेवीस वर्षांपूर्वी साथीच्या रोग्यांसाठी छपऱ्या बांधाव्या लागल्या होत्या, कारण इमारत तयार नव्हती. या खेपेस इमारत साथीला दिली गेली, आणि इतर आजारांच्या रोग्यांची सोय दुसऱ्या इस्पितळांत लावावी लागली. जागा उलटसुलट झाल्या. कारभाऱ्यांपुढचा प्रश्न मात्र १८९८ चाच होता: आज रात्री जो येईल त्याला कोठे ठेवावयाचे?