शाळेतील व्हायोलिन शिक्षक : पद नसलेला पेशा

पुणे शहराच्या पश्चिमेस, सूस आणि लवळे यांच्या शेजारी वसलेले नांदे हे मुळशी तालुक्यातील गाव. भातखाचरांच्या या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत गृहसंकुले उभी राहिली आणि त्यांच्या मागोमाग नव्या शाळाही आल्या. याच तालुक्यात एकीकडे जिल्हा परिषदेच्या शाळा आहेत, तर दुसरीकडे भुकुमचे इंडस इंटरनॅशनल स्कूल आणि पौडजवळ १९९७ साली सुरू झालेले महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज यांसारख्या इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट अभ्यासक्रमाच्या संस्था आहेत. त्या अभ्यासक्रमात संगीत हा निवडता येण्याजोगा स्वतंत्र विषय आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत मात्र तो ‘कला’ या शीर्षकाखालच्या मोजक्या तासिकांत सामावतो आणि त्या तासिका बहुधा वर्गशिक्षकच घेतो. या दोन टोकांच्या मध्ये, व्हायोलिन शिकलेल्या तरुणाने शाळेत नोकरी शोधायची ठरवले तर त्याच्यासाठी पद कोणते, हा प्रश्न उरतोच.

अमेरिकेत या प्रश्नाला सरळ उत्तर आहे. तेथील अनेक सार्वजनिक शाळांत वाद्यवृंद हा वेळापत्रकातला विषय असतो. तो शिकविणारा ‘ऑर्केस्ट्रा डायरेक्टर’ संगीतशिक्षणातील पदवी आणि राज्याचा अध्यापन परवाना घेऊन येतो आणि गणिताच्या शिक्षकाच्याच वेतनश्रेणीत बसतो. तंतुवाद्यांच्या शिक्षकांची राष्ट्रीय संघटना तेथे १९४६ साली स्थापन झाली. गज कसा धरावा, तीस मुलांना एकाच वेळी कसे शिकवावे, यावर तेथे स्वतंत्र अध्यापनशास्त्र उभे राहिले आहे. मैफल गाजविणारा वादक आणि तिसरीच्या मुलाला पहिला सूर काढायला लावणारा शिक्षक हे दोन वेगळे पेशे आहेत, ही जाण त्यामागे आहे.

या व्यवस्थेत नाव कमावलेला एक मुंबईकर म्हणजे मेहली मेहता. १९०८ साली जन्मलेल्या मेहतांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला, पुढे परदेशी जाऊन वादन केले आणि १९६४ साली लॉस एंजेलिसमध्ये स्थायिक झाल्यावर तरुण वादकांसाठी अमेरिकन यूथ सिम्फनीची स्थापना केली. १९९८ पर्यंत ते तिचे संचालक होते. जगाने त्यांना झुबिन मेहतांचे वडील म्हणून अधिक ओळखले. तरीही विद्यार्थ्यांचा वाद्यवृंद घडविण्यात तीन दशकांहून अधिक काळ घालविणाऱ्या या माणसाला त्या कामासाठी मुंबई सोडावी लागली, हे विसरता येत नाही.

असे पद आपल्याकडे कधीच नव्हते, असे मात्र नाही. ते होते शेजारच्या गोव्यात. पोर्तुगीज काळात, सोळाव्या शतकापासून, चर्चला जोडलेल्या शाळा सुरू झाल्या. पुढे या शाळांत अक्षरओळखीबरोबरच स्वरलेखन वाचणे, गाणे आणि व्हायोलिन शिकविले जाऊ लागले. शिकविणारा ‘मेस्त्रे’ हाच रविवारी चर्चमधील गायनवृंदाचा प्रमुख असे. सणासुदीला आणि गावच्या फेस्ताला वाद्ये वाजविणारी मुले त्याच्याच हाताखालची असत. मानधन तुटपुंजे असले, तरी गावात त्याचे स्थान निश्चित होते. मुलाला संगीत शिकवायचे की नाही हा घराचा प्रश्नच नव्हता. शाळेत गेला की तो शिके. एवढ्याशा प्रदेशातून पिढ्यान्‌पिढ्या स्वरलेखन वाचू शकणारे वादक निघाले, त्याचे मोठे श्रेय या पदाला द्यावे लागते. विसाव्या शतकात इंग्रजी शाळांकडे ओढा वाढला, तशा या शाळा मागे पडल्या.

तेथे तयार झालेले हात मुंबईच्या कामी आले. १९२७ साली माजोर्डा येथे जन्मलेले अँथनी गोन्साल्विस हे चर्चच्या गायनवृंदप्रमुखाचे पुत्र. ते मुंबईच्या चित्रपटसृष्टीत व्हायोलिनवादक आणि वाद्यवृंद संयोजक झाले. प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन हे त्यांचे शिष्य. १९५८ साली त्यांनी इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभारला आणि लता मंगेशकर, मन्ना डे यांना त्यात गाण्यासाठी पाचारण केले. १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’तील गाण्यामुळे त्यांचे नाव घरोघरी गेले, त्या नावाचा खरा व्हायोलिन शिक्षक होता, हे फार थोड्यांना ठाऊक होते. १९८० नंतर सिंथेसायझर आले आणि ध्वनिमुद्रणातील व्हायोलिनचे मोठे ताफे आटत गेले. शिकणाऱ्याला पुढे दिसणारी नोकरी गेली, की शिकविणाऱ्याकडे येणारी मुलेही कमी होतात.

महाराष्ट्रात व्हायोलिनची वाट वेगळी होती. गजाननराव जोशी, व्ही. जी. जोग, डी. के. दातार यांनी हे वाद्य रागसंगीतात रुजविले. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. १९३१ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या परीक्षा आजही संगीतशिक्षकांच्या उपजीविकेचा मोठा आधार आहेत. मात्र ही परंपरा मूलतः एकलवादनाची आहे. जमिनीवर बसून, वाद्याचे टोक उजव्या पायावर टेकवून, षड्ज-पंचमात तारा लावून वाजविणारा विद्यार्थी आणि हनुवटीखाली वाद्य धरून उभ्याने स्वरलेखन वाचणारा विद्यार्थी यांना एकाच वृंदात बसविणे सोपे नाही. शाळेतील शिक्षकाला दोन्ही यावे लागते. दोन्ही शिकविणारी पदवी सहसा आढळत नाही.

नोकरीचे म्हणायचे, तर २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, पटसंख्या शंभरावर असेल तेथे, कलाशिक्षणाचा अंशकालीन निदेशक नेमण्याची तरतूद आहे. निदेशक अंशकालीन, आणि कला या एका शब्दात चित्रकला, संगीत, नाट्य सारेच आले. व्हायोलिनचा वाटा त्यात किती पडणार? साहजिकच या पेशातील माणूस दोन-तीन खासगी शाळांत तासिका तत्त्वावर शिकवितो, संध्याकाळी घरी वर्ग घेतो आणि ट्रिनिटी किंवा असोसिएटेड बोर्डाच्या श्रेणी परीक्षांची तयारी करून घेतो. शास्त्रीय कलांच्या परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना दहावीत वाढीव गुण मिळू लागल्याने पालकांची चौकशी वाढते खरी, पण दहावी झाली की व्हायोलिन पेटीत जाते.

कामही बाहेरून दिसते त्याहून किचकट. पस्तीस मिनिटांच्या तासात वीस व्हायोलिने सुरात लावण्यातच पहिली दहा मिनिटे जातात. वाढत्या मुलाला दर एक-दोन वर्षांनी मोठ्या मापाचे वाद्य लागते. शाळेकडे वाद्यांचा साठा नसेल तर हा खर्च घरावर पडतो आणि कमी उत्पन्नाची मुले आपोआप गळतात. मुळशीसारख्या धुवाधार पावसाच्या मुलखात खुंट्या फुगून अडकतात, सांधे उकलतात. उन्हाळ्यात त्याच खुंट्या सैल पडून तारा उतरतात. व्हायोला, चेलो वाजविणारी मुले नसतातच. मग शिक्षकच रात्री बसून मंद्र स्वरांचा भाग हार्मोनियमसाठी किंवा की-बोर्डसाठी नव्याने लिहून काढतो. या लेखनाचे वेगळे मानधन कोणी देत नाही.

काही संस्थांनी निराळा मार्ग धरला आहे. मुंबईच्या एनसीपीएमध्ये २००६ साली सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाची स्थापना झाली. त्याचे अनेक वादक परदेशातून आणावे लागले. ही उणीव ओळखून तेथे २०१२ पासून लहान मुलांसाठी नियमित शिक्षणक्रम सुरू झाला. वृंदातील वादकच तेथे शिक्षक झाले. पणजीत डॉक्टर आणि व्हायोलिनवादक असलेल्या लुईस डायस यांनी २००९ साली चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन स्थापन केले. वंचित मुलांना वाद्य आणि शिक्षण दोन्ही देणे हे तिचे काम.