आंबेडकर, भीमराव रामजी : चलनविचार

(१४ एप्रिल १८९१–६ डिसेंबर १९५६). अर्थशास्त्रज्ञ, कायदेपंडित व भारतीय संविधानाचे शिल्पकार. जन्म महू येथे, मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे (ता. मंडणगड). लंडन विद्यापीठाच्या डी.एस्‌सी.साठी लिहिलेला त्यांचा प्रबंध ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या नावाने १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला.

१८७३ नंतर चांदीचा भाव उतरला आणि रुपया चांदीचा असल्याने त्याची हुंडणावळही घसरली. १८९३ मध्ये सरकारने टांकसाळी लोकांच्या चांदीला बंद केल्या. रुपये पाडण्याचा अधिकार मात्र स्वतःकडे ठेवला. पुढे पौंडाला १५ रुपये हा दर राखणारी सुवर्ण-विनिमय पद्धती रुळली. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी १९१३ मध्ये तिचा पुरस्कार केला. आंबेडकरांचा आक्षेप मुळावरच होता : लंडनमधला दर स्थिर राहिला म्हणजे रुपया स्थिर झाला असे नव्हे, त्याची देशातली खरेदीशक्ती टिकली पाहिजे. मुंबईच्या गिरणीतून जयगड खाडीकाठच्या घरी आलेल्या दहा रुपयांच्या मनीऑर्डरीत पूर्वीइतका तांदूळ येत नसेल, तर पौंडाचा भाव त्या घराच्या काय कामाचा? मजुरी किमतींच्या मागून वाढते, त्यामुळे रुपया उतरला की निर्यातदाराला होणारा फायदा मजुराच्या पदरातून जातो, हे त्यांनी ठामपणे मांडले. ग्रंथाचा हा भाग आजही सर्वांत सकस वाटतो.

त्यांचा उपाय कडक होता. टांकसाळी सरकारलाही बंद कराव्यात, सोन्याचे नाणे काढावे, रुपयाचा त्याच्याशी दर कायद्याने ठरवावा, पण रुपयाच्या बदल्यात सोने देण्याचे बंधन नसावे. चलन वाढवण्याची मुभाच काढून घ्यायची, हे त्यामागचे सूत्र. ग्रंथाचे प्रस्तावनाकार, अर्थशास्त्रज्ञ एडविन कॅनन यांना त्यांची सगळी टीका मान्य नव्हती.

डिसेंबर १९२५ मध्ये त्यांनी भारतीय चलनाचा विचार करणाऱ्या हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष दिली. आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली आणि १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक सुरू झाली. म्हणून त्यांना बँकेचे जनक म्हटले जाते. पण या गौरवात त्यांचे खरे म्हणणे झाकले जाते. चलन काढणाऱ्याच्या हाती स्वेच्छाधिकार कमीत कमी असावा, हा त्यांचा आग्रह होता. नियम की स्वेच्छाधिकार, हा वाद समष्टी-अर्थशास्त्रात १९७७ नंतर किडलँड व प्रेस्कॉट यांच्या लेखनाने ऐरणीवर आला. नियमाच्याच दिशेने भारतात २०१६ पासून महागाईचे ४ टक्के लक्ष्य कायद्याच्या चौकटीत आहे.

सुवर्णनाण्याचा त्यांचा पर्याय मात्र काळाने मागे टाकला. १९३१ मध्ये ब्रिटनने सुवर्ण परिमाण सोडले. ग्रंथाची १९४७ ची आवृत्ती भारतीय चलन व बँकिंगच्या इतिहासाचा पहिला खंड म्हणून निघाली. १९२३ नंतरचा काळ सांगणारा दुसरा खंड प्रसिद्ध झाला नाही.