बर्फावरच्या हॉकीतला उरूज आणि जवाल

उर्दूत उरूज आणि जवाल हे शब्द बहुधा जोडीनेच येतात. उरूज म्हणजे वर चढत जाणे आणि जवाल म्हणजे माथ्यावर आलेल्या सूर्याचे कलणे. सल्तनतींच्या इतिहासात ही जोडी आपण नेहमी वाचतो. मला ती अलीकडे भलत्याच ठिकाणी सापडली, कॅनडा-अमेरिकेतल्या नॅशनल हॉकी लीगच्या जुन्या आकड्यांत.

हा खेळ आपल्याकडच्या हॉकीसारखा नाही. पायात धारदार पात्यांचे बूट, खाली बर्फ आणि चेंडूऐवजी रबराची चकती. आघाडीचा खेळाडू, म्हणजे फॉरवर्ड, सलग एक मिनिटही मैदानात टिकत नाही. पाऊण मिनिट जिवाच्या आकांताने धावतो, बाहेर येऊन दम घेतो आणि पुन्हा आत जातो. गोल केला तर एक गुण, गोल करून दिला तरी एक गुण.

या फॉरवर्डचा उरूज कोणत्या वयात असतो? जेम्स ब्रँडर, एडवर्ड ईगन आणि लुईसा युंग या संशोधकांनी २०१४ मध्ये याचा हिशेब मांडला. त्यांचे उत्तर होते २७ ते २८ वर्षे, आणि शिखराच्या जवळपासचा खेळ साधारण २४ ते ३२ पर्यंत. आमच्याकडे बी.एड. करून, तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणून काढून माणूस कायम होतो, तोवर हे वय आलेले असते. म्हणजे आमची सुरुवात होते तिथे त्यांचा माथा येतो.

वेन ग्रेट्स्की तर त्याआधीच माथ्यावर पोहोचला होता. १९८१-८२ च्या हंगामात, विशी-एकविशीत, त्याने ९२ गोल केले. १९८५-८६ मध्ये २१५ गुण मिळवले, तेव्हा तो २५ वर्षांचा होता. कारकिर्दीतल्या ८९४ गोलांपैकी ७१८ गोल १९९१ च्या हंगामापर्यंत झाले होते. उरलेल्या आठ हंगामांत १७६ आणि अखेरच्या, १९९८-९९ च्या हंगामात फक्त ९. मात्र त्या ९ गोलांबरोबर ५३ गोल त्याने इतरांना करून दिले. पाय थकले, नजर थकली नाही.

याच्या अगदी उलट गॉर्डी हाव. १९२८ चा जन्म. १९६८-६९ मध्ये, ४१ वा वाढदिवस उंबरठ्यावर असताना, त्याने पहिल्यांदाच शंभरी ओलांडून १०३ गुण केले. आता १९६७ मध्ये लीगमधले संघ सहाचे बारा झाले होते, त्यामुळे समोरचे खेळाडू थोडे कच्चे झाले होते हे खरे. पण हा माणूस १९७९-८० मध्ये वयाच्या ५१ व्या वर्षी सगळेच्या सगळे ८० सामने खेळला आणि त्यात १५ गोल केले. त्याच हंगामात लीगमध्ये नवा आलेला १८-१९ वर्षांचा ग्रेट्स्की त्याच्यासमोर होता!

अशी उदाहरणे पाहिली की सरासरीची एक खोट लक्षात येते. पस्तिशीचे जे आकडे आपल्याला दिसतात ते पस्तिशीपर्यंत टिकलेल्यांचेच असतात. माइक बॉसीने सलग नऊ हंगामांत पन्नासहून अधिक गोल केले आणि पाठीच्या दुखण्यापायी तिशीतच त्याचा खेळ सुटला. त्याची पस्तिशी कोणत्याच कोष्टकात नाही.

आणि काहींना टिकूच दिले जात नाही. मला सगळ्यात जास्त अडवून धरले ते टेड लिंडसेच्या नावाने. डेट्रॉइटच्या संघात तो हावच्या जोडीला खेळायचा. १९५६-५७ मध्ये, ३१ व्या वर्षी, त्याने ८५ गुण मिळवले. लीगमध्ये त्याच्या पुढे फक्त हाव होता, ८९ गुणांवर. पण त्याच हंगामात, फेब्रुवारी १९५७ मध्ये, लिंडसेने खेळाडूंची संघटना जाहीर केली. मागणी साधी होती, आमच्या पेन्शनच्या पैशाचा हिशेब दाखवा. उन्हाळ्यात संघाने त्याला शिकागोला देऊन टाकले. पुढच्या हंगामात त्याचे गुण ३९ वर आले. संघटनाही १९५८ उजाडल्यावर मोडली.

वक्ररेषा काढणाऱ्याला इथे दिसेल की एकतिशीनंतर घसरण झाली. मला दिसते की जमलेली जोडी तोडून एका माणसाला शिक्षा दिली गेली. दोन्ही एकाच आकड्यात मिसळले आहे आणि ते वेगळे काढायचे साधन त्या आकड्यात नाही.

वयाचा हा हिशेब मालकांना संशोधनाशिवायही कळत होता. लिंडसेच्या काळात खेळाडू संघाला जन्माचा बांधलेला असे. १९६७ मध्ये टिकाऊ संघटना उभी राहिली, तरी १९९५ च्या करारातही आपल्या मर्जीने संघ निवडण्याची पूर्ण मोकळीक वयाच्या ३२ व्या आणि नंतर ३१ व्या वर्षी होती. म्हणजे माल जुना झाला की बाजार उघडा. २००४-०५ चा अख्खा हंगाम टाळेबंदीत बुडाल्यावर झालेल्या करारात ही अट टप्प्याटप्प्याने २७ वर्षांवर, किंवा सात हंगामांच्या सेवेवर आली. २७, म्हणजे बरोबर माथ्यावर. मग चित्र उलटले. संघ सत्ताविशीच्या खेळाडूला लांब मुदतीचे करार देऊ लागले आणि चौतिशी-पस्तिशीचे पैसे मोजताना कण्हू लागले. मला या कण्हण्याची फारशी दया येत नाही.

लिंडसे १९६० मध्ये निवृत्त झाला होता. १९६४-६५ मध्ये ३९ व्या वर्षी तो डेट्रॉइटला परतला, १४ गोल केले आणि त्या हंगामात संघ लीगमध्ये पहिला आला. खेळाडू स्वतः मते देऊन ज्याला सर्वोत्तम ठरवतात, त्या पुरस्काराला २०१० मध्ये त्याचे नाव दिले गेले. त्या नावाने तो पहिल्यांदा घेतला अलेक्झांडर ओव्हेच्किनने, २४ व्या वर्षी. त्याच ओव्हेच्किनने ६ एप्रिल २०२५ रोजी, ३९ व्या वर्षी, ८९५ वा गोल करून ग्रेट्स्कीला मागे टाकले. तोही त्याच्या नेहमीच्या जागेवरून, डाव्या वर्तुळाजवळून, जिथे फार धावावे लागत नाही.