रुग्णशय्येपाशी आईबाप

याईराच्या कन्येचा प्रसंग आपण सर्वांनी अनेकदा शिकविला आहे. रडणाऱ्या जमावास प्रभूने घराबाहेर काढले. परंतु मुलीच्या आईबापांस मात्र तो सोबत आत घेऊन गेला, असे मार्ककृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात सांगितले आहे. आजारी बालकाजवळ त्याच्या आईबापांचे स्थान आहे, ही गोष्ट आधुनिक रुग्णालयांस उमगावयास फार काळ लागला. कर्करोगग्रस्त बालकांच्या मनःस्वास्थ्याचा इतिहास पाहताना हे प्रथम ध्यानी घ्यावे लागते.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ब्रिटनमधील अनेक रुग्णालयांत पालकांच्या भेटीवर कडक निर्बंध असत. भेटीने संसर्ग पसरतो आणि आई परत निघाली की मूल रडते, अशी कारणे दिली जात. रडणे थांबले की मूल रुळले असे मानीत. जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ साली रुग्णालयात एकट्या राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीचा चित्रपट दाखवून हा समज खोडून काढला. त्या शांततेच्या मुळाशी समाधान नसून निराशा होती. पुढे १९५९ साली सर हॅरी प्लॅट यांच्या समितीने पालकांना मुक्तपणे भेटू द्यावे, अशी शिफारस केली.

याच सुमारास कर्करोगाच्या उपचारांतही मोठे स्थित्यंतर घडत होते. बोस्टन येथील डॉ. सिडनी फार्बर यांनी १९४८ साली ल्युकेमिया झालेल्या मुलांवरील ॲमिनोप्टेरिन या औषधाचे परिणाम प्रसिद्ध केले. सोळांपैकी दहा मुलांत सुधारणा दिसली, पण ती तात्पुरती होती. हे औषध आंध्रात जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झाले होते, हे आपल्याकडे फारसे ठाऊक नाही. पूर्वी थोड्याच काळात संपणारा हा आजार आता लांबू लागला, आणि त्याबरोबर आशा व भीती यांच्यामध्ये हेलकावे खाणारे आईबापांचे दीर्घ प्रतीक्षेचे दिवसही सुरू झाले.

मुलास रोगाचे नाव सांगू नये, अशी त्या काळी रूढी होती. मायरा ब्लूबॉण्ड-लँगनर या मानववंशशास्त्रज्ञ विदुषीने अमेरिकेतील एका रुग्णालयात ल्युकेमियाग्रस्त मुलांच्या सहवासात राहून अभ्यास केला व १९७८ साली तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. कोणी न सांगताही लहान लहान मुलांस आपला रोग आणि त्याचा शेवट कळलेला असे. औषधांवरून, मोठ्यांच्या चेहऱ्यांवरून आणि शेजारच्या रिकाम्या खाटेवरून ती जाणत. तरीही आईबापांना दुःख होऊ नये म्हणून काहीच ठाऊक नसल्याचे ती भासवीत. दोन्ही पक्ष परस्परांस जपण्यासाठी गप्प राहत आणि दोघेही एकाकी पडत.

१९८२ साली ऑक्सफर्ड येथे अँग्लिकन संन्यासिनी भगिनी फ्रान्सिस डॉमिनिका यांनी 'हेलन हाऊस' हे बालकांसाठीचे जगातील पहिले शुश्रूषागृह उघडले. एका अत्यवस्थ मुलीच्या आईबापांशी जडलेल्या स्नेहातून ते उभे राहिले. तेथे बालकाबरोबर आईबाप आणि भावंडे यांचीही काळजी वाहिली जाते.

आज प्रगत देशांत लसिकापेशींच्या तीव्र ल्युकेमियातून दहांपैकी सुमारे नऊ मुले वाचतात. भारतात हे प्रमाण कमी आहे. उपचारासाठी दूरच्या गावाहून मुंबईसारख्या शहरी येणाऱ्या कुटुंबाची मजुरी बुडते, दुसरे मूल आजीआजोबांकडे राहते आणि राहण्याची सोय हा मोठाच प्रश्न होतो. २००६ साली मुंबईत आरंभ झालेली सेंट ज्यूड केंद्रे अशाच कुटुंबांना आसरा देत आली आहेत.

या इतिहासातून आपण धर्मगुरू व धर्मशिक्षक यांनी काय घ्यावे? 'हे कोणाच्या पापाचे फळ?' हा प्रश्न आईच्या मनात असतोच. योहानाच्या नवव्या अध्यायात प्रभूने जन्मांधाविषयी त्याचे उत्तर दिले आहे. ते तिला स्पष्ट सांगावे. विश्वास कमी पडला, देवाला हे फूल आवडले, अशी वाक्ये आपल्या तोंडून निघू नयेत. बरे होण्याचे वचन देण्याचा आपणांस अधिकार नाही. मुलाने विचारले तर आईबापांशी बोलून, त्याच्या वयास झेपेल इतके खरे सांगण्यास त्यांना साह्य करावे. हा रोग संसर्गजन्य नाही, हे धर्मग्रामात सांगावे, म्हणजे शाळासोबती दूर पळणार नाहीत. घरी राहिलेल्या भावंडाकडेही जाऊन यावे. त्याचे दुःख कोणी विचारीत नाही. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुकाट बसले, तोवर त्यांचे काहीच चुकले नव्हते. आपणही आधी बसावयास शिकावे, आणि आईबापांची जागा त्यांच्याकडेच राहू द्यावी.