उरलेल्या पाच टक्क्यांतले दुखणे

सोळाव्या शतकातल्या पॅरिसमध्ये एका बाईला फाशी दिली गेली. काही दिवसांपूर्वीच ती बाळंत झाली होती. सेवेरँ पिनो यांनी तिचे शवविच्छेदन केले, तेव्हा ओटीपोटाच्या तळाशी पुढे जुळणारी जघनास्थींची टोके सुटी झालेली, हलणारी दिसली. पाहणाऱ्यांत ख्यातनाम शल्यविशारद आंब्रुआज पारे होते. बाळंतपणात ही हाडे सैल होतात हे तोवर त्यांना मान्य नव्हते. आता त्यांनी मत बदलले. सुइणींना हे केव्हाच माहीत असणार. वैद्यकाला पटायला मात्र एक प्रेत लागले.

हाडे सैल का होतात, याचा धागा १९२६ साली फ्रेडरिक हिसॉ यांना अमेरिकेत गिनीपिगांवरच्या प्रयोगांत सापडला. गाभण मादीचा रक्तद्रव टोचला की दुसऱ्या मादीचे जघनास्थींमधले अस्थिबंध सैल पडत. त्यामागच्या संप्रेरकाला पुढे रिलॅक्सिन हे नाव मिळाले. पण ज्या बाईत ते जास्त, तिला दुखणेही जास्त, असे सरळ गणित नंतरच्या अभ्यासांत जुळले नाही. शिवाय गर्भाशयाला जांघेपर्यंत बांधून ठेवणारे दोन गोल बंध ताणले जातात, ते वेगळेच. कूस बदलताना किंवा शिंकताना जांघेत उठणारी कळ बहुधा त्यांची.

हिसॉंच्या तीस वर्षे आधी, १८९५ मध्ये, आयोवातल्या डेव्हनपोर्ट गावी डी. डी. पामर यांनी कायरोप्रॅक्टिकची सुरुवात केली होती. ‘हाताने केलेले’ अशा अर्थाचे हे ग्रीक नाव त्यांच्या एका धर्मोपदेशक रुग्णाने सुचवले. आपल्याकडच्या हाडवैद्याला यात वावगे काही वाटले नसते. वावगा होता तो सिद्धान्त. १९१० च्या ग्रंथात पामर यांनी ९५ टक्के आजार सरकलेल्या मणक्यांमुळे आणि उरलेले इतर सांधे निखळल्यामुळे होतात, असे ठोकून दिले. म्हणजे गरोदर बाईचे जघनास्थींचे दुखणे, जिथे खरोखरच सांधा सैल होतो, ते त्या उरलेल्या पाचांत!

अशा दाव्यांमुळे डॉक्टर बिथरले नसते तरच नवल. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९६३ मध्ये भोंदूगिरीविरोधी समिती नेमली. कायरोप्रॅक्टरशी व्यावसायिक संबंध ठेवणे सभासद डॉक्टरांच्या आचारसंहितेत बसत नव्हते, ते १९८० पर्यंत. याचा फटका बसला तो बाईला. ‘दिवसांत दुखायचंच’ म्हणणारा डॉक्टर एकीकडे, सगळे बरे करतो म्हणणारा दुसरीकडे, आणि दोघांनी एकमेकांशी बोलायचे नाही. चेस्टर विल्क आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये खटला भरला. १९८७ मध्ये न्यायाधीश सुझन गेट्झेनडॅनर यांनी बहिष्कार बेकायदा ठरवला. हा निकाल व्यापारस्पर्धेच्या कायद्याचा होता. उपचार गुणकारी असल्याचा दाखला म्हणून तो मिरवला जातो, तो चुकीचा.

याच सुमारास लॅरी वेबस्टर यांची पद्धत पसरत होती. बाईला पालथे झोपवून गुडघे दुमडायचे, कोणता पाय कमी दुमडतो ते पाहायचे, त्या बाजूने त्रिकास्थीला हलका झटका द्यायचा आणि मग ओटीपोटावर गोल बंधाची जागा अलगद दाबायची. मूळ दावा पायाळू बाळ फिरण्याचा होता. तो पुराव्याने टिकला नाही. वेबस्टर यांनी १९८६ मध्ये स्थापलेल्या संघटनेनेच पुढे व्याख्या बदलली: उपचार आईच्या त्रिकास्थीचा आणि ओटीपोटाच्या हाडांच्या तोलाचा, बाळ फिरवण्याचा नव्हे. मला ही माघार या साऱ्या इतिहासातली सर्वांत प्रामाणिक गोष्ट वाटते. बाळ बाजूला झाल्यावर प्रथमच आईचे दुखणे हाच विषय उरला.

२०१५ च्या कॉक्रेन समीक्षेत गरोदरपणातल्या कंबर-ओटीपोटदुखीवरच्या ३४ चाचण्या, ५,१२१ स्त्रिया जमेस धरल्या होत्या. व्यायामाने कंबरदुखी कमी होऊ शकते, एवढे म्हणता आले. हाताच्या उपचारांची भिस्त अजून एकेकट्या चाचण्यांवर होती.