संथ न्यूट्रॉन आणि ट्रॉम्बेचे पाणी

4 ऑगस्ट 1956 रोजी मुंबईतील ट्रॉम्बे येथे ‘अप्सरा’ ही अणुभट्टी सुरू झाली आणि सोव्हिएत संघ वगळता आशिया खंडात शृंखला अभिक्रिया, म्हणजे एका अणुगर्भाच्या विखंडनातून सुटलेल्या न्यूट्रॉनांनी पुढच्या अणुगर्भांचे विखंडन घडवून आणण्याची अखंड साखळी, प्रथमच साधली गेली. या भट्टीचा इंधनगाभा सुमारे 8 मीटर खोल हौदातील साध्या पाण्यात बुडवलेला होता. हे पाणी गाभ्याची उष्णता वाहून नेई आणि किरणोत्सर्ग अडवी, ही त्याची दोन कामे सहज उमगतात. परंतु न्यूट्रॉनांचा वेग मारण्याचे त्याचे तिसरे काम भट्टी चालण्यासाठी सर्वांत महत्त्वाचे होते, आणि त्यामागील कारण समजले नाही तर ट्रॉम्बे येथील पुढच्या भट्ट्यांचा इतिहासही नीट उलगडत नाही.

जेम्स चॅडविक यांनी 1932 मध्ये न्यूट्रॉन शोधला, तेव्हा वेगवान कणच अणुगर्भावर अधिक परिणाम करील, असे समजणे स्वाभाविक होते. ऑक्टोबर 1934 मध्ये रोम येथे एनरिको फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना नेमके उलटे आढळले: न्यूट्रॉनांच्या वाटेत पॅराफिन मेण ठेवताच चांदीत निर्माण होणारा किरणोत्सर्ग कित्येक पटींनी वाढला. मेणातील हायड्रोजनचा अणुगर्भ जवळजवळ न्यूट्रॉनइतक्याच वस्तुमानाचा असतो, त्यामुळे कॅरमच्या एका सोंगटीने दुसरीला समोरून टोला दिला असता पहिली जागीच थबकावी, तसा न्यूट्रॉन अशा टकरींत आपली बहुतेक ऊर्जा गमावतो. विखंडनातून सेकंदाला सुमारे 20,000 किलोमीटर वेगाने निघालेला न्यूट्रॉन हायड्रोजनशी होणाऱ्या सरासरी 18 टकरींनंतर सेकंदाला 2.2 किलोमीटर एवढ्या ‘औष्णिक’ वेगावर येतो. वेग असा कमी करणाऱ्या पदार्थास मंदायक म्हणतात.

संथ झालेला न्यूट्रॉन अधिक परिणामकारक ठरतो, याची कारणे परस्परांत गुंतलेली आहेत. न्यूट्रॉनवर विद्युतभार नसल्याने धनभारित अणुगर्भ त्याला दूर लोटत नाही, त्यामुळे आत शिरण्यासाठी त्याला वेगाची गरजच नसते. उलट, वेग जितका कमी तितका तो अणुगर्भाच्या सान्निध्यात अधिक काळ राहतो आणि शोषला जाण्याची शक्यता वेगाच्या व्यस्त प्रमाणात वाढते. शिवाय पुंजयामिकीनुसार प्रत्येक कणाला तरंगरूपही असते आणि औष्णिक न्यूट्रॉनची तरंगलांबी युरेनियमच्या अणुगर्भाच्या व्यासाच्या सुमारे 10 हजार पट भरते. म्हणून अणुगर्भ त्याच्यासमोर आपल्या भौमितिक आकारापेक्षा कितीतरी मोठे लक्ष्य ठरू शकतो. या परिणामी आकारास काटछेद म्हणतात आणि तो ‘बार्न’ या एककात, म्हणजे एका चौरस सेंटिमीटरच्या हजार कोटी कोटी कोटींश (10⁻²⁴) भागात, मोजतात.

जड अणुगर्भांचा प्रश्न येथे येतो. नील्स बोर यांनी 1936 मध्ये मांडले की, न्यूट्रॉन शिरताच त्याची ऊर्जा सर्व कणांत वाटली जाऊन एक उत्तेजित संयुक्त अणुगर्भ तयार होतो. जड अणुगर्भात कण पुष्कळ असल्याने अशा उत्तेजित अवस्थेतील ऊर्जापातळ्या अवघ्या काही इलेक्ट्रॉन-व्होल्ट अंतरावर दाटीने असतात, तर हलक्या अणुगर्भात त्यांच्यात हजारो-लाखो इलेक्ट्रॉन-व्होल्टांचे अंतर असते. न्यूट्रॉनची ऊर्जा अशा पातळीशी जुळली की काटछेद एकाएकी वाढतो. यास अनुस्पंदन म्हणतात, आणि जड अणुगर्भांत संथ न्यूट्रॉनांना ते गाठण्याची संधी अधिक असते. तथापि जडपणा हेच एकमेव कारण मानणे चूक ठरेल, कारण शिसे व बिस्मथ जड असूनही संथ न्यूट्रॉन क्वचितच शोषतात, तर बोरॉन हलका असूनही ते भराभर गिळतो.

युरेनियमच्या बाबतीत आणखी एक भेद निर्णायक ठरतो. युरेनियम-235 मध्ये न्यूट्रॉनांची संख्या विषम असल्याने नवागत न्यूट्रॉनची जोडी जुळते आणि सुमारे 6.5 दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा मोकळी होते, जी विखंडनाचा अडसर ओलांडण्यास पुरते. युरेनियम-238 मध्ये ती सुमारे 4.8 दशलक्षच असल्याने कमी पडते. परिणामी युरेनियम-235 चा विखंडन-काटछेद वेगवान न्यूट्रॉनांसाठी एक-दोन बार्न, तर औष्णिक न्यूट्रॉनांसाठी सुमारे 585 बार्न असतो. निसर्गातील युरेनियममध्ये हा उपयुक्त समस्थानिक जेमतेम 0.7 टक्के आहे, म्हणून मंदायकाच्या निवडीला एवढे महत्त्व आले.

साध्या पाण्यातील हायड्रोजन न्यूट्रॉन उत्तम रीतीने संथ करतो, पण त्यांपैकी काही स्वतःच शोषतो. ही तूट भरून काढण्यासाठी ‘अप्सरे’ला युरेनियम-235 चे प्रमाण वाढवलेले, म्हणजे समृद्ध, इंधन लागले आणि ते ब्रिटनकडून घ्यावे लागले. कॅनडाच्या साहाय्याने उभारलेल्या आणि 1960 मध्ये सुरू झालेल्या 40 मेगावॉटच्या ‘सायरस’मध्ये मंदायक म्हणून जड पाणी वापरले गेले, त्यातील ड्यूटेरियम, म्हणजे हायड्रोजनचा जड समस्थानिक, न्यूट्रॉन फारच थोडे शोषत असल्याने नैसर्गिक युरेनियमवर भट्टी चालू शकली. 1985 मध्ये सुरू झालेली 100 मेगावॉटची ‘ध्रुव’ही याच वाटेने गेली. 1972 मधील ‘पूर्णिमा’त मात्र प्लुटोनियम इंधन होते आणि मंदायक मुळीच नव्हता, कारण ती वेगवान न्यूट्रॉनांवरच चालणारी भट्टी होती.

या निवडीचे व्यावहारिक मोल तारापूर येथे दिसून आले. 1969 मध्ये सुरू झालेल्या तेथील पहिल्या दोन अमेरिकी बनावटीच्या भट्ट्या साध्या पाण्याच्या असल्याने समृद्ध इंधनासाठी परदेशावर अवलंबून होत्या, आणि 1974 च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेकडून येणाऱ्या इंधनात अडथळे येऊन पुढे फ्रान्सकडे वळावे लागले. त्याच आवारात 2005 आणि 2006 मध्ये कार्यान्वित झालेल्या 540 मेगावॉटच्या दोन भट्ट्या भारतीय रचनेच्या असून त्या जड पाणी आणि नैसर्गिक युरेनियम यांवर चालतात.